पिसू, उंदीर आणि गाठ

पवित्र शास्त्रातील शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात दोन प्रसंग आहेत. पहिला पलिष्ट्यांचा. देवाचा कोश त्यांनी हरण करून नेला आणि अश्दोदपासून एक्रोनपर्यंत त्यांच्या नगरांत माणसांच्या अंगावर गाठी उठू लागल्या. कोश परत पाठवताना त्यांनी सोबत सोन्याच्या पाच गाठी आणि सोन्याचे पाच उंदीर करून दिले. दुसरा प्रसंग त्याच ग्रंथात बराच पुढे येतो. शौल राजा तीन हजार निवडक माणसे घेऊन दाविदाच्या मागावर निघतो, तेव्हा दावीद स्वतःला एका यःकश्चित पिसवेची उपमा देऊन राजाला त्याच्या अट्टाहासाची जाणीव करून देतो.

गाठ, उंदीर आणि पिसू असे तिघेही एकाच ग्रंथात आले आहेत. परंतु त्या तिघांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे पुढे सुमारे तीन हजार वर्षे कोणाच्या ध्यानी आले नाही. तो संबंध उलगडण्याचे काम बऱ्याच अंशी आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात झाले, आणि तो उलगडेपर्यंत जी घरे ओस पडली त्यांत कृष्णाकाठच्या सातारा-सांगलीची असंख्य घरे होती. आज आपल्या घरात एखादी पिसू चावली, तर आपण पाय खाजवतो आणि विसरून जातो. म्हणूनच ही कथा आठवणीत ठेवण्याजोगी आहे असे आम्हांस वाटते.

साथ येते

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात तापाचे काही विचित्र रुग्ण आढळले. जांघेत किंवा काखेत गाठ, प्रचंड ताप, आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. हा गाठीचा प्लेग आहे, असे प्रथम ठामपणे सांगणारे डॉक्टर होते अकासिओ गाब्रिएल व्हिएगस. गोव्यातील हडफडे गावी जन्मलेले हे आपले कॅथलिक बांधव पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग. जेथे धान्य तेथे उंदीर, हे सांगावयास नको. व्हिएगसांनी तेथील अस्वच्छता आणि उंदीर यांकडे बोट दाखवले. परंतु उंदरापासून माणसापर्यंत रोग नेमका येतो कसा, हे त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हते.

मुंबईतून लोक मिळेल त्या वाहनाने बाहेर पडले आणि साथ त्यांच्या पावलांनी घाटावर चढली. पुण्याहून साताऱ्याच्या बाजूने मिरजेकडे जाणारा लोहमार्ग सुरू होऊन तेव्हा जेमतेम दहाएक वर्षे झाली होती. माणसे, गाठोडी, धान्याची पोती आणि त्या पोत्यांतून येणारे न दिसणारे प्रवासी या साऱ्यांची वाट आता सोपी झाली होती. त्या काळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच मोडत, तर सांगली, मिरज आणि जत ही स्वतंत्र संस्थाने होती. १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा प्लेगच्या बाबतीत सातारा आणि सांगली यांची कथा एकच आहे.

१८९१ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे सव्वाबारा लाख होती. १९०१ मध्ये ती साडेअकरा लाखांच्या आसपास आली. दहा वर्षांत वाढावयाची ती लोकसंख्या घटली. याला दुष्काळ आणि प्लेग ही दोन्ही कारणे होती. एका बाजूने भूक, दुसऱ्या बाजूने गाठ, असा तो काळ होता.

याच जिल्ह्यातील नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले पुण्याजवळ आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले, असे सांगतात. त्याच सेवेत त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. १५९१ मध्ये रोममध्ये रोग्यांची सेवा करताना प्राणास मुकलेले तरुण येशूसंघीय संत अलॉयसियस गोन्झागा आपल्या लोकांस परिचित आहेत. धर्म, देश आणि शतके निराळी असली तरी या दोन मरणांची जात एकच आहे.

पुढेही कित्येक वर्षे हिवाळा आला की प्लेग परत येई. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ मध्ये देवराष्ट्रे येथे झाला. हे गाव तेव्हा साताऱ्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. यशवंतराव अगदी लहान असताना त्यांच्या वडिलांना प्लेगनेच नेले आणि विठाबाईंनी मोठ्या हिमतीने मुलांना वाढवले. अशा विठाबाई त्या काळी घरोघर होत्या. त्यांची नावे इतिहासात आली नाहीत, एवढेच.

माणसांची झडती

सरकारने साथीशी लढा पुकारला, पण शत्रू कोण हेच ठाऊक नसल्यामुळे ती लढाई माणसांशी झाली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा मंजूर झाला. पुण्यात रँड यांच्या देखरेखीखाली गोऱ्या सोजिरांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या, स्त्रीपुरुषांची तपासणी केली, अंथरुणे जाळली, जमिनी उकरल्या, भिंतींवर औषधी पाणी मारले. त्या संतापातून २२ जून १८९७ ची रँड यांच्यावरील गोळीबाराची घटना घडली. रेल्वे स्थानकांवर उतारूंची तपासणी होई आणि संशयितांना छावण्यांत ठेवले जाई.

या उपायांत दुष्टपणा होता की अज्ञान, याविषयी मतभेद संभवतात. पण त्यांतील एक विसंगती आज आपणास स्पष्ट दिसते. रोग घाणीत, हवेत किंवा रोग्याच्या वस्तूंत आहे असे मानून घरे धुऊन काढली जात. त्यामुळे बिळांत पाणी शिरे, आणि तेथील उंदीर पिसवांसह शेजारच्या घरी आश्रयास जात. घर स्वच्छ होई आणि साथ पुढच्या दारात उभी राही.

खेड्यांतील शेतकऱ्यांजवळ मात्र एक साधी खूण होती. 'उंदीर पडू लागले' हे शब्द कानी आले की जाणती माणसे गाव सोडण्याची तयारी करीत. आढ्यावरून उंदीर खाली पडतो, भर दिवसा झिंगल्यासारखा अंगणात येतो आणि मरतो. त्यानंतर काही दिवसांत माणसांना गाठी येतात. हा क्रम त्यांनी अनुभवाने ओळखला होता. मग सारे गाव शिवारात, माळावर जाई. कडब्याच्या आणि पाचटाच्या खोपी उभ्या राहत. चूल तेथेच, जनावरे तेथेच, बाळंतपणेही तेथेच. थंडीवाऱ्यात हाल होत, मागे ओस घरांत चोऱ्या होत. तरीही जे वेळेवर बाहेर पडले त्यांतील पुष्कळजण वाचले. गाव सोडणे हा खेड्यांतला सर्वांत परिणामकारक उपाय आहे, हे पुढे सरकारी डॉक्टरांनीही मान्य केले. अक्षरशत्रू शेतकऱ्याने सूक्ष्मदर्शकाशिवाय जे पाहिले होते, ते विद्वानांना पटण्यास काही वर्षे जावी लागली.

पिसवेचा शोध

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्झांद्र यर्सिन यांनी शोधून काढला होता. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. जंतू कळला, लसही मिळाली. पण जंतूची वाट कळली नव्हती.

ती शोधली पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी. ते १८९७ मध्ये मुंबईत काम करीत होते आणि पुढे कराचीस गेले. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यातच होते. सिमाँ यांच्या दोन गोष्टी ध्यानी आल्या. एक, काही रोग्यांच्या पायावर आजाराच्या आरंभी एक बारीकसा फोड असे, आणि तो एखाद्या कीटकाच्या चाव्याच्या जागी असावा असे वाटे. दुसरी, एका लोकरीच्या कारखान्यात एके सकाळी जमिनीवर पुष्कळ मेलेले उंदीर आढळले. ते उचलण्यासाठी वीस मजूर लावले. तीन दिवसांत त्यांपैकी दहा जणांना प्लेग झाला, बाकीच्या कामगारांपैकी कोणासही नाही. मेलेला उंदीर थंड होऊ लागला की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवे उबदार अंग शोधतात. तेव्हा उंदीर नुकताच मेलेला असेल तोच सर्वांत घातक, असा सिमाँ यांचा तर्क होता.

२ जून १८९८ रोजी त्यांनी आपल्या प्रयोगाचे फळ पाहिले. काचेच्या मोठ्या भांड्यात पिसवांसह एक रोगी उंदीर ठेवला होता. तो मरण्याच्या बेतात असताना जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर आत सोडला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते. पिसवा मात्र जाळीतून सहज उडी मारू शकत होत्या. निरोगी उंदीरही काही दिवसांत प्लेगने मेला. पिसवा नसलेल्या उंदरांवर हाच प्रयोग केला तेव्हा रोग पसरला नाही. एवढे असूनही अनेक विद्वानांनी त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेले. एवढ्या मोठ्या संहाराचे कारण एवढासा जीव असेल, हे मोठ्या लोकांच्या पचनी पडले नाही.

पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन यांनी हा धागा पुन्हा उचलला. एरवी माणसांच्या अंगावर सापडलेल्या २४६ पिसवांत उंदराची पिसू त्यांना एकच मिळाली. पण ज्या चाळीत उंदीर मरून गेले होते आणि प्लेग सुरू झाला होता, तेथील रहिवाशांच्या अंगावर मिळालेल्या ३० पिसवांपैकी १४ उंदरांच्या होत्या. १९०५ पासून नव्या संशोधन मंडळाने तेथेच प्रयोगांची मालिका केली. पिसवा असलेल्या जागेत जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातील प्राण्यांना प्लेग झाला. दोन फुटांवर टांगलेल्या पिंजऱ्यातील प्राणी वाचले. उंदराच्या पिसवेची उडी चार-पाच इंचांच्या वर जात नाही, हे यातून सिद्ध झाले. १९१४ मध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी शेवटची गाठ सोडवली. जंतू पिसवेच्या घशाशी इतके वाढतात की तिची अन्ननलिका बंद होते. भुकेने व्याकूळ झालेली पिसू पुनःपुन्हा चावते आणि दर चाव्याला जंतू चावलेल्याच्या शरीरात ओकते.

अशा रीतीने पलिष्ट्यांची गाठ, त्यांचा उंदीर आणि दाविदाची पिसू ही तिन्ही एका सूत्रात ओवली गेली. ते सूत्र सापडेपर्यंत आणि त्यानंतरही मोजलेली किंमत भयंकर होती. १८९८ ते १९४८ या पन्नास वर्षांत भारतात सव्वा कोटीच्या आसपास माणसे प्लेगने मेली.

घरातली पिसू

हा सारा इतिहास वाचून कोणी घाबरून जाऊ नये. आज आपल्या घरांत चावते ती बहुधा कुत्र्यामांजरांच्या अंगावरची पिसू असते, आणि तिच्यापासून होणारा त्रास सहसा खाजेपुरताच असतो. तरीही शत्रू ओळखल्याविना लढू नये, हा धडा घराच्या उंबरठ्याआतही खरा आहे.

पिसू दोन-तीन मिलिमीटरांची, काळपट तपकिरी, बिनपंखांची आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते. ती उडी मारते आणि चिमटीत सहसा चिरडत नाही. ढेकूण तिच्याहून मोठा, वरून चपटा, तांबूस असतो. तो उडी मारत नाही. दिवसा खाटेच्या सांध्यांत व गादीच्या शिवणीत लपतो आणि रात्री चावतो. ढेकणाचे चावे मान, हात अशा उघड्या अंगावर, कित्येकदा रांगेने आढळतात. पिसवेचे चावे मुख्यतः घोट्याभोवती आणि पोटरीवर पुंजक्याने येतात. तिची उडी आठवली म्हणजे याचे कारण निराळे सांगण्याची गरज राहत नाही.

शंका असेल तर पांढरे पायमोजे घालून घरभर हळूहळू फिरावे. त्यांवर काळे ठिपके उड्या मारताना दिसतील. कुत्र्यामांजराच्या बसण्याच्या जागेची काळी कणी ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाकावी. ती तांबूस पसरली तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय. रात्री साबणाच्या पाण्याची ताटली जमिनीवर ठेवून तिच्यावर लहान दिवा ठेवला तर उजेडाकडे येणाऱ्या पिसवा पाण्यात पडतात.

आपल्या वाडवडिलांचे उपायही या ज्ञानाच्या उजेडात तपासले पाहिजेत. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, अंथरुणाखाली निर्गुडीचा पाला यांनी पिसवा काही काळ दूर राहतीलही, पण त्यांची अंडी आणि कोश यांनी नष्ट होत नाहीत. पिसवेची अंडी अंगावरून जमिनीवर गळतात. अळ्या फटींतील धुळीत वाढतात. कोशातील पिसू महिनोन्महिने वाट पाहू शकते आणि कोणाच्या पावलांची थरथर जाणवली की बाहेर पडते. बरेच दिवस बंद असलेले घर उघडताच पिसवा तुटून पडतात, त्याचे रहस्य हेच. म्हणून कोपऱ्याकोपऱ्यांतून रोज केर काढणे आणि तो घराबाहेर दूर टाकणे, फटी बुजवणे, अंथरुणे कडक उन्हात घालणे, गरम पाण्याने कपडे धुणे हेच मुळावरचे उपाय होत. आजीने जमीन सारवली की फटी बुजत. त्या सारवण्याचा एक लाभ हाही असावा. पाळीव प्राण्यांसाठी जनावरांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणि एक नियम कधीही मोडू नये. घरात वा आसपास एकाएकी बरेच उंदीर मरून पडू लागले, तर त्यांना हात लावू नये आणि आरोग्य खात्यास ताबडतोब कळवावे. अशा वेळी उंदीर मारण्याची घाई करू नये. आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा. क्रम उलटा झाला तर आश्रय गेलेल्या भुकेल्या पिसवा माणसांकडे वळतात.

हा नियम केवळ जुन्या पोथीतला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्यातील पुष्कळ लोकांनी पडझड झालेली घरे सोडली. घरांत धान्य राहिले, त्यावर उंदीर माजले. १९९४ च्या ऑगस्टअखेरीस बीड जिल्ह्यातील मामला गावच्या लोकांनी पिसवांचा उपद्रव वाढल्याची तक्रार केली. उंदीरही मरत होते. सप्टेंबरमध्ये तेथे गाठीच्या तापाचे संशयित रुग्ण आढळले. घराघरांत कीटकनाशक मारले गेले, औषधे वाटली गेली आणि साथ आटोक्यात आली. आता प्रतिजैविके आहेत. वेळेवर उपचार मिळाले तर प्लेगचा रोगी बरा होतो. पण पहिली सूचना या वेळीही कोणा प्रयोगशाळेने दिली नव्हती. ती पिसवा चावलेल्या गावकऱ्यांनीच दिली होती.

छोट्यांचे ऐकावे

वांद्रे, माझगाव, गिरगाव या भागांतून जाताना रस्त्याच्या कडेला, चाळीच्या तोंडाशी जुने क्रूस दिसतात. त्यांपैकी कित्येक प्लेगच्या वर्षांत आपल्या लोकांनी उभारलेले आहेत. चर्चमध्ये जाणेही जेव्हा कठीण झाले, तेव्हा वाडीतील लोक त्या क्रूसापाशी जमून प्रार्थना करीत. संत सेबस्तियन आणि संत रॉक यांचा धावा करीत. त्याच वेळी आपल्या धर्मभगिनी प्लेगच्या इस्पितळांत रोग्यांच्या उशाशी बसत होत्या. मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासून उभे होते. ते आपल्या पंथाचे नव्हते, तरी साऱ्या दक्षिण महाराष्ट्राच्या रुग्णांना त्यांचा आधार होता. प्रार्थना, सेवा आणि संशोधन ही परस्परांची वैरी नव्हती. एकाच अंधारात चाचपडणारे ते तीन हात होते.

त्या अंधारात खरी चूक झाली ती लहानांकडे न पाहण्याची. पिसू क्षुद्र म्हणून तिच्याकडे कोणी पाहिले नाही. माळावर खोप घालणारा शेतकरी अडाणी म्हणून त्याचे कोणी ऐकले नाही. आणि रोगी गरीब म्हणून त्याच्या घराची झडती घेण्यात कोणास संकोच वाटला नाही. आजही एखाद्या घरी पिसवा वा ढेकूण झाले की आपण त्या घरच्यांना नाक मुरडतो आणि ते बिचारे लाजेने कोणास सांगत नाहीत. लपवलेली पिसू वाढते. सांगितलेल्या पिसवेचा बंदोबस्त होतो. धर्मग्रामातील एखाद्या कुटुंबाने असा त्रास सांगितला, तर नाक न मुरडता झाडू आणि उन्हाची जागा घेऊन मदतीस जाणे, हीसुद्धा शेजारधर्माचीच एक रीत आहे.

दाविदाने स्वतःला पिसू म्हटले, तेव्हा तो राजाला आपले लहानपण सांगत होता. तो लहान होता, पण त्याचे म्हणणे खरे होते. कृष्णाकाठच्या माळावर खोपी घालणाऱ्या माणसांचेही तसेच होते.